दादानं लिहिलेला ब्राउझर

माझ्या थोरल्या भावानं एकेकाळी ब्राउझर लिहिला होता. इंटरनेटवरची पानं उघडून दाखवतो तो प्रोग्रॅम. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग विचारतो, "कुठं, अमेरिकेत?" मी म्हणते, "न्हाई, रामनगरात." मग तो हसतो आणि पावसाचं काहीतरी काढतो. म्हणून मी सांगायचं सोडून दिलं होतं. दादा तर कधीच सांगत नाही.

आमचं मूळ गाव सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. बेळगावच्या दक्षिणेला जंगलात धरणानं उठवलेल्यांसाठी रामनगरची वसाहत केली होती, तिथं आम्ही आलो तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होते आणि दादा हायस्कुलात होता. नव्या जमिनीत भात नीट धरत नव्हतं. आप्पा वर्षातले बरेच महिने जंगलातल्या कामावर जायचे, लाकूडतोडीला नाहीतर रस्त्याच्या कामाला. दादाचं डोकं चांगलं होतं, म्हणून त्याला बेळगावला आत्याकडं ठेवलं. तिथं त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि एका दुकानात लागला. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून विकायचं ते दुकान होतं. मालक दिलदार होता. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यानं दादाला मशीनवर बसायची मोकळीक दिली होती. "शीक की. कुणाचं काय जातंय," म्हणायचा. दादा प्रोग्रॅम लिहायला शिकला तो तिथं, त्या मालकाच्या काउंटरमागं.

पुढं बेळगावात इंटरनेट आलं. एका सुट्टीला दादा घरी आला तो एक छापलेला कागद घेऊन. परदेशात राहणारी मराठी माणसं एकमेकांशी काय बोलतात ते त्यावर होतं. कुणी थालीपिठाची कृती विचारली होती, कुणी गावच्या जत्रेची आठवण लिहिली होती. सगळं मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. तेव्हा पडद्यावर मराठी अक्षरं आणायची म्हणजे फार खटपट होती, म्हणून लोक असंच लिहायचे. दादानं ते आईला वाचून दाखवलं. जत्रेचं ऐकून आई खूश झाली. तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "मराठी हाय न्हवं हे? मग मला का वाचता येईना?"

परत जाताना दादा बसस्टँडवर मला म्हणाला, "बाय, आई बरोबर बोलतीया. हे तिला वाचता आलं पायजे."

त्यातून ते सगळं सुरू झालं. खानापूरचा त्याचा एक मित्र होता, डिप्लोमाला बरोबर शिकलेला. दोघांनी मिळून लिहायला घेतलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी पान आलं की हा ब्राउझर ते देवनागरीत करून दाखवणार, अशी ती कल्पना. दुसरी गोष्ट आमच्या रामनगरच्या फोनवरून सुचलेली. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरूनच यायचं. आमच्याकडं तारेवर फांदी पडली की फोन गेला. पान अर्धं आल्यावर लाईन तुटली की तोवरचं सगळं वाया जायचं. दादाच्या ब्राउझरात आलेलं पान राहायचं, आणि लाईन परत लागली की उरलेलं तिथूनच पुढं यायचं.

दादानं दुकानातली नोकरी सोडली आणि एक जुनं मशीन घेऊन तो रामनगरला आला. एसटीडी बूथच्या मागची खोली त्यानं भाड्यानं घेतली. मित्र खानापुराहून सकाळच्या बसनं यायचा. मी तेव्हा बारावी होऊन घरात होते. पुढं शिकवायची ऐपत नव्हती आणि लग्नाचं बोलणं चालू होतं. दादानं मला खोलीत बसवलं. मी करायचं काय, तर पडद्यावर उमटलेलं मराठी वाचायचं आणि चुकलं असेल तिथं बोट ठेवायचं. 'बाळ' लिहिलेलं 'बाल' झालं, 'पाणी'चं 'पानी' झालं, 'तळं'चं 'तलं'. माणसं एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहायची. कुठल्या वेळी 'ळ' करायचा आणि कुठल्या वेळी 'ल' ठेवायचा ह्यावर आमची भांडणं व्हायची. मित्र चिडून म्हणायचा, "तुमचं रामनगरचं मराठी बाजूला ठेवा आधी." मी म्हणायची, "का? आमी वाचत न्हाई काय?" मग तो हसायचा आणि 'न्हाई' पण चालेल असं करून द्यायचा.

मला ते काम आवडायचं. घरच्या कामापेक्षा निराळं असं ते माझं पहिलंच काम होतं. सकाळी शेणगोठा आटपून मी खोलीत जायची तेव्हा चालणं आपोआप भरभर व्हायचं.

ब्राउझर चालायला लागल्यावर दादा तो जुन्या मालकाकडं घेऊन गेला. मालकानं तो मराठी गिऱ्हाइकांच्या नव्या मशीनमध्ये घालून द्यायला सुरुवात केली. बेळगावची आणखी एक-दोन दुकानं तयार झाली. मग निपाणीहून विचारणा आली. फार मोठं काही नव्हतं, पण आप्पा घरी येणाऱ्या माणसाला सांगू लागले होते, "पोरगं रेडिओसारखं कायतरी करतंय, त्यात मराठी दिसतंय."

त्या दिवसांत एक निरोप धरणाजवळच्या गणेशगुडीहून आला. तिथल्या वसाहतीत सातारकडची एक बाई राहायची. तिचे यजमान धरणाच्या कामावर मोठ्या जागेवर होते आणि एकुलता मुलगा अमेरिकेत. मुलानं स्वतःचं एक पान केलं होतं, त्यावर तो आईसाठी घरची हकिगत लिहायचा, इंग्रजी अक्षरांत. बाईंना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं. यजमान वाचून दाखवायचे, पण ते सदा कामावर. मशीन घेतलं त्या बेळगावच्या दुकानदारानं त्यांना दादाचं नाव सांगितलं होतं.

दादा आणि मी बसनं गेलो. बाई दारातच उभ्या होत्या. दादानं त्यांच्या मशीनवर आपला ब्राउझर चढवला, बेळगावला फोन लावला, आणि पान हळूहळू वरून खाली येत गेलं. अक्षरं देवनागरी होती. बाईंनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला आणि काचेवर बोट ठेवून पोथी वाचावी तसं वाचायला लागल्या. "आई, इकडं कालपासून बर्फ पडतोय. हिनं तुझ्यासारखी आमटी केली होती, पण आमसूल नव्हतं..." मध्येच लाईन गेली. पान होतं तिथंच राहिलं. बाईंच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. त्या वाचतच होत्या. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मला पुन्हा बघायला मिळालं नाही.

निघताना बाईंनी मला खणाचं कापड दिलं आणि दादाला म्हणाल्या, "आता ह्यांची वाट बघायला नको. माझं मी वाचीन."

त्यानंतर वर्षभरातच बदललं.

दादा बेळगावला गेला होता. संध्याकाळी परतला तेव्हा पिशवी भरलेलीच होती. मालकानं ब्राउझरच्या फ्लॉप्या ठेवून घेतल्या नव्हत्या. मालकाचं बोलणं त्यानं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं: "गड्या, आता नवीन मशीनमध्ये ते आतच येतंय. वेगळं घालायचं काम न्हाई."

मशीन चालवायची जी मूळ व्यवस्था असते, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, ती एका अमेरिकन कंपनीची यायची. सगळ्या दुकानांत तीच. दुसरी मागायला कुणी येत नव्हतं आणि आणली तरी चालवता येत नव्हती. त्या कंपनीनं आता स्वतःचा ब्राउझर तिच्यातच घालून पाठवायला सुरुवात केली होती. फुकट. मशीन उघडलं की पहिल्या पडद्यावर त्याचं चित्र. दुकानदाराला वितरकानं तोंडी बजावलं होतं की पहिल्या पडद्यावरचं काही काढायचं नाही आणि आपल्या मनानं काही ठेवायचं नाही. नाहीतर पुढचा माल ज्या भावानं मिळतो त्या भावानं मिळणार नाही.

मित्र म्हणाला, "पण त्यांच्या ब्राउझरात मराठी कुठं दिसतंय?"

"तेच मी मालकाला म्हटलं," दादा म्हणाला. "तो म्हणाला, गिऱ्हाईक विचारतंय, आत एक हाय न्हवं, मग दुसरा कशाला? मी काय सांगू?"

दादानं आधी ते मनावर घेतलं नाही. आपल्या ब्राउझरात जे आहे ते त्यांच्यात नाही, लोक मागून घेतील, असं त्याला वाटत होतं. लोकांनी मागितलं नाही. त्यांना त्याची माहितीच होत नव्हती. पूर्वी दुकानदार मशीन दाखवताना दोन वाक्यं बोलायचा, तेवढ्यावर तो विकला जायचा. ती दोन वाक्यं बंद झाली आणि निपाणी गेली, मग बेळगावची बाकीची दुकानं गेली.

मग मूळ सिस्टिमचीच नवी आवृत्ती आली. तिच्यात कंपनीचा ब्राउझर असा विणून टाकलेला होता की तो काढायला गेलं तर दुसरंच काहीतरी बिघडायचं. दादानं ते मशीनवर करून बघितलं. काढला, तर मदतीची पानं उघडेनात. पुन्हा घातला. दुसऱ्या वाटेनं काढला, तर मशीनच सुरू होईना. दिवसेंदिवस तो त्याच्याशी झुंजत होता. एका दुपारी मी जेवायला बोलवायला गेले तर तो पडद्याकडं बघत नुसता बसला होता. म्हणाला, "बाय, घरात आलेल्या पाहुण्याला बाहेर घालवता येतं. ह्यानं भिंतीच स्वतःच्या केल्यात."

त्याच सुमारास, मे महिन्यात, पेपरात बातमी आली. अमेरिकेच्या सरकारनं त्या कंपनीवर खटला भरला होता. कारण हेच. आपली सिस्टिम सगळ्यांना घ्यावीच लागते ह्या जोरावर ती आपला ब्राउझरही गळ्यात मारते आणि दुसऱ्यांना बाजारातून उठवते. दादानं बसस्टँडवर उभ्यानंच ती बातमी वाचली आणि घरी येईपर्यंत पेपराची घडी त्याच्या हातात चुरगळून गेली होती. "म्हणजे मी वेडा न्हाई," तो आईला म्हणाला. आईला काही कळलं नाही, पण तिनं त्या दिवशी त्याच्या आवडीची घावनं केली.

आत्याच्या यजमानांच्या ओळखीचे एक वकील बेळगावात होते, वयस्कर, सावकाश बोलणारे. दादा, मित्र आणि मी त्यांच्याकडं गेलो. वकिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मक्तेदारीविरुद्ध आपल्याकडंही कायदा आहे," ते म्हणाले. "बराच जुना. दिल्लीत आयोग आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरी पण माझ्याकडूनच घे, अशी सक्ती करता येत नाही. गॅसवाला म्हणाला, सिलिंडर हवा तर शेगडी माझ्याच दुकानातली घे, तर त्याची तक्रार होऊ शकते."

दादा पुढं सरकला. "मग हे तेच की, साहेब."

"दिसायला तेच. पण शेगडी वेगळी दिसते, सिलिंडर वेगळा दिसतो. ही कंपनी म्हणणार, आमची वस्तू एकच आहे, दोन नाहीतच. आणि शेगडीचे पैसे पडतात. हे लोक तर फुकट देतायत. मग पहिला प्रश्न येणार, फुकट मिळाल्यानं गिऱ्हाइकाचं नुकसान काय?"

"आणि माझं नुकसान?"

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझा धंदा बसला म्हणजे स्पर्धा बसली असं होत नाही. ते सिद्ध करावं लागतं. तू एकटा. तुझ्यामागं कोण आहे?"

मित्र म्हणाला, "तक्रार करायचीच झाली तर कुणावर करायची? कंपनी तर अमेरिकेत."

"इथं हाताला कोण लागतो? ज्यानं तुमचा माल ठेवायला नकार दिला तो. त्याला आधी उभं करायचं, मग त्यानं सांगायचं वितरकानं काय बजावलं, मग वितरक. तिथून वर. मालक तसं बोलेल काय तेवढं बघा."

दादा खाली बघत राहिला. वकील म्हणाले, "घाई करू नका. अमेरिकेतलं काय होतंय बघू. तिथं निकाल लागला तर आपल्याला आधार होईल."

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "मालकाला विचारून तरी बघूया." दादा म्हणाला, "मला त्यानं शिकू दिलं. आता त्याला आयोगापुढं उभा करू? उद्या त्याचा माल बंद झाला तर त्याच्या पोरांनी काय खायचं?" आम्ही उसाचा रस प्यालो आणि बस धरली.

मग वाट बघणं. पेपरात कधी एखादी ओळ यायची, कधी महिना महिना काही नाही. तिथले मोठे मोठे वकील काय बोलले, कंपनीच्या मालकानं काय उत्तर दिलं, असलं काहीतरी. दादा ते वाचायचा आणि खोलीत जाऊन बसायचा. नव्या सिस्टिमवर त्याचा ब्राउझर नीट चालत नव्हता, तो चालवण्याची खटपट करायचा. एक दुरुस्त केलं की दुसरं निघायचं. आत काय बदललंय हे कंपनी सांगणार नव्हती आणि विचारायला दादा कोण होता? माझं काम संपलंच होतं. 'ळ' आता बरोबर येत होता, पण तो बघायला कुणी नव्हतं. मी खोलीत जायची ती झाडून यायची.

एका सकाळी मित्र आला तो इस्त्रीचे कपडे घालून. बेंगळूरला नोकरी लागली होती.

"कसलं काम?" दादानं विचारलं.

"कंपन्यांची पानं करायची. इंटरनेटवर ठेवायची." मग जरा थांबून म्हणाला, "त्यांच्याच ब्राउझरात चांगली दिसतील अशी. बाकीच्यांत तपासायची गरज न्हाई म्हणाले."

मी चहा ठेवला. दोघांनी तो पिऊन कप खाली ठेवले.

"तू पण चल की," मित्र म्हणाला. "मी शब्द टाकतो."

"आणि हे?"

"हे संपलंय रे." तो दादाकडं न बघता, दाराकडं बघून बोलला. "तुला पण ठाऊक हाय."

दादा त्याला बसपर्यंत सोडायला गेला. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं. नंतर मित्राची दोन पत्रं आली, दादानं उत्तर दिलं नाही.

पुढच्या वळवाच्या पावसात गणेशगुडीला फोनच्या तारेतून वीज आली आणि बाईंचं मशीन जळालं. मुलानं अमेरिकेतून सांगून बेळगावच्या दुकानातून नवीन मशीन पाठवायची व्यवस्था केली. ते अर्थात नव्या सिस्टिमचं. जुनी आता मिळत नव्हती, आणि नवीन मशीनचे भाग तिच्यावर चालतही नव्हते. बाईंचा निरोप आला, "नातू झालाय. मुलानं त्याचं काय काय लिहिलंय म्हणे. लवकर ये."

दादाला माहीत होतं काय होणार ते. तरी तो गेला. मीही गेले. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. जंगल धुऊन निघालेलं होतं आणि रस्त्यावर तुटलेल्या फांद्या पडल्या होत्या.

बाईंनी मशीनवर नवं कापड घालून ठेवलं होतं. दादानं आपला ब्राउझर चढवला. फोन लावला. लाईन लागली तशी कंपनीच्या ब्राउझरची खिडकी मध्येच उघडली आणि बाईंच्या नातवाचं पान इंग्रजी अक्षरांत येऊन उभं राहिलं. बाई म्हणाल्या, "हे न्हवे रे." दादानं ती खिडकी बंद केली. आपली उघडली. दोन ओळी देवनागरीत आल्या. "आई, बाळाचे डोळे..." एवढं मी वाचलं, आणि पडदा थांबला. मध्यभागी इंग्रजीत एक चौकट आली.

"काय म्हणतंय ते?" बाईंनी मला विचारलं.

मी मराठीत सांगितलं. "ह्या प्रोग्रॅमनं बेकायदा काम केलंय, म्हणून तो बंद करण्यात येतोय."

बाई घाबरल्या. "बेकायदा? पोलीस वगैरे येतील काय रे? हे सरकारी क्वार्टर आहे."

दादा हसला. मोठ्यानं हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "न्हाई ओ, बाई. पोलीस न्हाई यायचे. तो माझा प्रोग्रॅम हाय, त्याला म्हणतायत." मग त्यानं पुन्हा चढवला, पुन्हा तीच चौकट. दुपारभर ते चाललं. बाई मध्येच उठून जायच्या, परत यायच्या.

शेवटी मी म्हटलं, "बाई, मी वाचून दाखवते. मला ती अक्षरं येतात." मी कंपनीच्या खिडकीतून पहिली ओळ वाचली. बाळाचे डोळे आजोबांसारखे आहेत, असं होतं ते. बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आवाजात नको. मुलाचं आहे ते. माझं मला वाचायचं होतं."

दादानं कोरा कागद मागितला आणि पेन्सिल घेतली. पडद्याकडं बघत बघत तो सगळं पान देवनागरीत उतरवून काढायला लागला. मोठं, सुटं अक्षर. जे काम त्याचा ब्राउझर डोळ्याची पापणी लवायच्या आत करायचा ते तो हातानं करत होता. कागद बाईंच्या हातात दिला तेव्हा त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर बसलो होतो. आतून त्यांचं वाचणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

त्यानंतर दादा काही वेळा तसाच गणेशगुडीला जाऊन पान उतरवून देऊन आला. मग बाईंचे यजमान निवृत्त झाले आणि ते दोघं साताऱ्याकडं गेले. जाताना निरोप द्यायला त्या रामनगरला थांबल्या होत्या, पण दादा त्या दिवशी घरी नव्हता.

खोली सोडली. दादा काही महिने आप्पांबरोबर भातात राबला. आप्पा त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त एकदा चिखलणी करताना म्हणाले, "पाण्यानं गाव घेतलं तवा निदान पाणी दिसत तरी हुतं." दादा ऐकून पुढं गेला. दादाच्या लग्नाचं बोलणं घेऊन कुणी आलं की विचारायचे, मुलगा काय करतो? आई काहीतरी सांगायची. ती माणसं परत यायची नाहीत.

पाऊस संपल्यावर बेळगावच्या जुन्या मालकानं स्वतः निरोप धाडला, दुकानात माणूस पाहिजे. दादा गेला. मी अंगणवाडीत लागले.

त्याच्या पुढच्या थंडीत आत्याकडून वकिलांचा निरोप आला. अमेरिकेतल्या न्यायाधीशानं म्हटलं होतं की त्या कंपनीची मक्तेदारी आहे आणि दुसऱ्यांना दाबायला तिनं ती वापरली. वकिलांनी मुद्दाम सांगायला सांगितलं होतं, "मुलाला कळवा, त्याचं म्हणणं बरोबर होतं."

मी रविवारी बेळगावला गेले. दुकान रविवारीही उघडं असायचं. दादा आत जमिनीवर बसून एका मशीनचे स्क्रू आवळत होता. कानशिलावर केस पांढरे झालेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. मी त्याला सगळं सांगितलं. काउंटरवरचा मालक पावतीपुस्तकात बघायचं सोंग करत ऐकत होता.

"मग आता काय करणार म्हणे?" दादानं विचारलं.

"ते अजून ठरायचंय. कंपनी अपील करणार. वर्षं जातील म्हणाले."

"हं." त्यानं आणखी एक स्क्रू लावला. "कंपनीनं तो ब्राउझर काढून घ्यायचा, असं हाय काय त्यात?"

"ते काय म्हणाले न्हाईत."

"आणि काढला तरी," तो म्हणाला आणि त्यानं मशीनचं झाकण जवळ ओढलं.

मी विचारलं, "दादा, तुझं ते अजून हाय न्हवं? पुसलं न्हाईस?"

"पुसलं न्हाई. चालत न्हाई. दोन्हीत तसा फरक न्हाई आता."

मालक उठला आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेला. त्याला आमच्याजवळ उभं राहवत नव्हतं असं मला वाटलं.

"आप्पांचा खोकला कसा हाय?" दादानं विचारलं.

"थंडीनं वाढलाय."

"जाताना औषध घेऊन जा. हे घे पैसे." त्यानं मशीनचं झाकण बसवलं, वायर लावली आणि चालू केलं. पडदा उजळला. ते सगळं नीट आलंय ना हे तपासायचं त्याचं काम होतं. त्यानं एकेक करून तपासलं, कंपनीचा ब्राउझरही उघडून बघितला आणि बंद केला. मग मशीन खोक्यात घालून त्यानं ते दाराशी ठेवलं आणि दुसरं ओढून घेतलं. मी अजून बसून होते. तो म्हणाला, "रामनगरची बस चुकंल बघ. नीघ तू."